हवालदार शिर्के आणि पिस्तुलातली चिमणी

कुंभाराकडून मडकं घेताना बायका ते जसं बोटाच्या पेरानं वाजवून बघतात, तशा हवालदार शिर्के काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वाजवून बघत. तळहातावर तीन-चार पुंगळ्या घ्यायच्या, मूठ कानाशी न्यायची आणि हलकेच खुळखुळवायची. सगळ्या धड असल्या तर घुंगरांसारखा आवाज येई. एखादीला केसाएवढी चीर असली तर त्या आवाजात मध्येच काहीतरी बद्द वाजे. मला तो फरक कधीच कळला नाही. हवालदार डोळे मिटून ऐकत, नेमकी ती पुंगळी बाहेर काढत आणि मागच्या डब्यात टाकून देत. "ही फुटकी. हिचा संसार संपला," म्हणत.

ही गोष्ट बहरीनची. सत्तरचं दशक संपता संपता मी वसईजवळच्या आमच्या गावातली केळीची वाडी धाकट्या भावाच्या हवाली केली आणि तिथल्या एका कंपनीच्या क्लबात कारकून म्हणून लागलो. क्लबात टेनिस होतं, पोहण्याचा तलाव होता आणि नेमबाजीचा एक विभागही होता. त्याचं मैदान मात्र शहरात नव्हतं. दक्षिणेकडे, तेलाच्या पाइपांच्याही पलीकडे, जिथे वाळू आणि दगडांशिवाय काही नाही अशा जागी मातीचा एक उंच बांध घातलेला होता. त्याच्यासमोर पत्र्याची शेड, शेडमागे हत्यारांची कुलूपबंद खोली आणि तिला लागून अजून एक खोली. त्या शेवटच्या खोलीत हवालदार राहत. शुक्रवारी दुपारनंतर मेंबर लोक येत, सूर्य कलेपर्यंत नेम धरत आणि जात. उरलेला आठवडा हवालदार आणि वारा.

शुक्रवारी सकाळी मी चर्चला जाई, खोलीवर येऊन जेवे आणि क्लबच्या गाडीतून मैदानावर जाई. कोण आलं, कोण गेलं एवढं बघायचं माझं काम. पहिल्याच दिवशी मी त्यांना "काका" म्हणालो. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ, इस्त्रीचा खाकी शर्ट. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"काका कुणाचा? पेन्शन येते ती हवालदाराची येते, काकाची नाय. नाव काय तुझं?"

"अंतोन."

"गाव?"

मी सांगितलं. "म्हणजे मराठीच की," ते म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले. आमची ओळख झाली ती एवढीच.

ते खेड तालुक्यातले. फौजेत सगळी नोकरी आर्मरर म्हणून, म्हणजे हत्यारांची दुरुस्ती करणारा. पेन्शनीत निघाल्यावर कुणा जुन्या अधिकाऱ्याच्या ओळखीनं इथे आले. नवी काडतुसं बाहेरून मागवायची तर परवानग्यांना अंत नसे. म्हणून क्लबनं पुंगळ्या पुन्हा भरायचं हातयंत्र घेतलं होतं. पुंगळीच्या बुडातली ठिणगी देणारी जुनी टोपी काढून नवी बसवायची, मापानं दारू घालायची, वर शिशाची गोळी दाबायची. हवालदार हे काम पूजेला बसल्यासारखं करत. त्या वेळी कुणी बोललेलं खपत नसे. यंत्राशी बसले की दार आतून बंद. मेंबरांपैकी एकानं एकदा दार ठोठावलं, तर त्या दिवशी त्यांनी भरलेली सगळी काडतुसं मोडून पुन्हा भरली आणि त्या साहेबाशी महिनाभर बोलले नाहीत.

स्वभाव सोपा नव्हता, हे सांगायला हवं. कँटीनच्या आचाऱ्याशी त्यांचं भांडण, गाडीच्या ड्रायव्हरशी भांडण. मनामा शहरात आपली मराठी मंडळी गणपती बसवत, तिथे ते एकदाच गेले आणि आरतीत कडवी गाळतात म्हणून प्रसाद न घेता परत आले. "देवाला पण घाई दाखवायची?" ते मला म्हणाले. मी ख्रिस्ती माणूस, काय उत्तर देणार! पण त्यानंतर ते कुठेच गेले नाहीत, हे मात्र माझ्या लक्षात राहिलं.

त्यांचं खरं रूप मला दिसलं ते हॅरिससाहेबांच्या पिस्तुलाच्या वेळी. हॅरिस हे क्लबातल्या नेमबाजांचे प्रमुख, उंच, लालबुंद, मोठ्यानं हसणारे इंग्रज इंजिनिअर. एका शुक्रवारी त्यांचं पिस्तूल दर दोन-तीन गोळ्यांनंतर अडकायला लागलं. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, झटक्यानं मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना नवं काडतूस वर घेते. इथे पुंगळी बाहेर पडायच्या आत स्लाइड परत येत होती आणि पुंगळी तिच्या तोंडात उभीच्या उभी अडकत होती. गिरणीच्या धुराड्यासारखी. हवालदार त्याला "चिमणी" म्हणत.

हॅरिससाहेब वैतागून स्लाइड ओढायला गेले तसे हवालदार ओरडले, "साहेब, नो पुल! वेट! तोंड समोर, बोट बाहेर!"

साहेब गपकन थांबले. हवालदार जवळ गेले, पिस्तूल रिकामं केलं, मग मला म्हणाले, "अडकलं की माणूस ओढाओढ करतो. अडकलं की आधी थांबायचं असतं."

मग पुढचे दोन तास त्यांनी जे केलं ते मी पहिल्यांदाच बघत होतो. आधी तीच काडतुसं दुसऱ्या पिस्तुलात घालून झाडली. एकही चिमणी नाही. मग हॅरिससाहेबांच्या पिस्तुलात कारखान्याची जोरदार काडतुसं घातली. तीही सुरळीत. मग मॅगझिन बदललं. पुन्हा आपली काडतुसं, पुन्हा चिमणी. मी मध्येच म्हणालो, "हवालदार, मॅगझिन आणि काडतुसं दोन्ही एकदम बदलून बघा की, लवकर होईल."

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," ते म्हणाले. "दोन बदलल्यास, तर गुण कुणाचा आला हे तुला कोण सांगणार? देव?"

दोष निघाला स्प्रिंगचा. साहेबांनी रजेवरून येताना नवी, कडक स्प्रिंग आणून बसवली होती, आणि हवालदारांची काडतुसं कागदाच्या निशाण्यासाठी मुद्दाम सौम्य भरलेली. त्यांचा धक्का त्या स्प्रिंगला पुरत नव्हता. "काडतूस गरिबाघरचं आणि स्प्रिंग पाटलाची," हवालदार म्हणाले. "पटायचं कसं?" जुनी स्प्रिंग बसवली आणि पिस्तूल शिवणयंत्रासारखं चालायला लागलं. साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. हवालदारांना ती आवडली. आवडली नाही असं दाखवण्यासाठी त्यांनी मिशीवर हात फिरवला, पण मी बघितलं.

त्यानंतर मेंबर गेले तरी मी शुक्रवारी तिथेच थांबू लागलो. ड्रायव्हर शहरात सामान उतरवून परत येईपर्यंत दीड-दोन तास मिळत. हवालदार कुळथाचं पिठलं टाकत, सुकट भाजत. माझी बायको-मुलं गावी, त्यांचंही घर गावी. आम्ही दाराशी बसून जेवत असू. समोर बांध, बांधामागे मावळत जाणारा दिवस, दूरवर तेलविहिरीची एक ज्योत. त्यांचं बोलणं म्हणजे सगळं फौजेतलं. घराविषयी एकदाच बोलले.

"सुट्टीत गेलो की माझ्यासाठी पाट मांडतात," ते म्हणाले. "रांगोळी काढतात. पाहुण्याला मांडतात तसा. सून दाराआडनं विचारते, मामंजींना अजून भात हवा काय? माझ्याच घरात मला संकोच वाटतो रे. कुठली वस्तू कुठं ठेवतात ते ठाऊक नाय. पाणी मागायचं तरी कुणाला हाक मारू, विचार पडतो."

"काकी काय म्हणतात?"

"ती काय म्हणणार? सारं आयुष्य माझी वाट बघण्यात गेलं. आता मी गेलो की ती अवघडते. कधी जाणार, विचारत नाय. पण बॅग कोपऱ्यात दिसली की मग तिला काम सुचतं, असं वाटतं मला."

एवढं बोलून ते उठले आणि भांडी घासायला लागले. मी घासतो म्हटलं तर देईनात.

सौदीकडे जाणाऱ्या पुलाचं काम समुद्रात सुरू झालं होतं, त्या हिवाळ्यातली गोष्ट. हवालदारांचा नियम होता, नव्यानं भरलेली काही काडतुसं आधी स्वतः झाडून बघायची, मगच मेंबरांना द्यायची. एका शुक्रवारी मी गेलो तर ते शेडमध्ये तोंड पाडून बसलेले. त्यांच्या हातातलं पिस्तूल अडकलं होतं. त्यांचंच पिस्तूल, त्यांचीच काडतुसं.

"दारूला ओल आली असणार," ते म्हणाले. त्यांनी नवा डबा फोडला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा चिमणी. मग त्यांना तेलाचा संशय आला, थंडीत घट्ट होतं म्हणून. मला तुबली गावातल्या एका गॅरेजमधून पातळ तेल आणायला लावलं. काही फरक नाही. मग स्प्रिंग बदलली. मग पुंगळी ओढणारा आकडा. मग मॅगझिन. प्रत्येक वेळी एकच गोष्ट, आणि प्रत्येक वेळी आठवडाभराचा विचार. खाणं कमी झालं, दाढी करायचीही राहू लागली. पिठल्यात मीठ विसरले तर त्यांना कळलं नाही, मीही बोललो नाही. चहा ते आता पत्र्याच्या मोठ्या मगातून, दोन्ही हातांनी धरून पीत. मला वाटलं, थंडीमुळे.

"मेंबरांची तर तक्रार नाही," मी एकदा म्हणालो. "त्यांचं सगळं नीट चाललंय."

"साहेब लोक तोंडावर बोलत नाहीत," ते खेकसले.

मग तो शुक्रवार आला. हवा वाईट होती, वाळू उडत होती, मेंबरांपैकी कुणीच आलं नाही. गाडीवाला मला सोडून गेला. हवालदार शेडमध्ये उभे होते. समोर टेबलावर पिस्तूल, शेजारी काडतुसं.

"अंतोन, इकडं ये. आज तू झाड."

इतक्या दिवसांत त्यांनी मला पिस्तुलाला बोटही लावू दिलं नव्हतं. मी म्हणालो, "मला येत नाही."

"शिकवतो. केळीचे घड उचलणारं मनगट आहे तुझं, चालेल."

त्यांनी मला उभं केलं. पाय कसे, खांदे कसे, बोट कुठे. मग माझं मनगट आपल्या हातात घेऊन म्हणाले, "हे भिंतीसारखं ठेवायचं. धक्का आला की भिंत हलत नाय, तसं." त्यांची बोटं थंड होती आणि माझ्या मनगटावर त्यांची पकड अशी होती की मला ती जाणवतच नव्हती. त्या क्षणी मी त्याचा अर्थ लावला नाही.

मी मॅगझिन संपवलं. नेम कुठेतरी बांधात गेला, पण पिस्तूल एकदाही अडकलं नाही. पुंगळ्या उजवीकडे टणाटण उडून पडल्या. त्यांनी दुसरं मॅगझिन भरून दिलं. तेही सुरळीत.

"बरं झालं!" मी म्हणालो. "दुरुस्त झालं की हो!"

त्यांनी त्याच डब्यातली काडतुसं भरली, तेच पिस्तूल घेतलं, बांधाकडे तोंड केलं. दुसऱ्याच गोळीला चिमणी उभी राहिली. त्यांनी ती काढली. पुन्हा झाडलं. पुन्हा चिमणी. मग त्यांनी पिस्तूल रिकामं केलं, टेबलावर ठेवलं आणि आपला उजवा हात डाव्या हातात घेऊन बघत राहिले. दुसऱ्या कुणाचा हात असावा तसे.

"एकच गोष्ट बदलली," ते म्हणाले.

आता मला कळलं. धक्का येत होता आणि त्यांचं मनगट त्याच्याबरोबर मागे जात होतं. भिंत राहिली नव्हती. अख्खं पिस्तूलच मागे सरकत असल्यानं स्लाइड पुरती मागे जात नव्हती. इतके आठवडे ते दारूला, तेलाला, लोखंडाला दोष देत होते.

मी घाईघाईनं बोलायला लागलो. थंडी असेल, वय झालं, अशक्तपणा असेल, डॉक्टरकडे जाऊ. शेवटी म्हणालो, "आणि कुणाला सांगायची तरी काय गरज? झाडून बघायचं काम मी करत जाईन. तुम्ही नुसती काडतुसं भरा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. इतक्या मायेनं त्यांनी माझ्याकडे आधी कधी बघितलं नव्हतं.

"अंतोन, काडतुसं हाच हात भरतो ना रे? उद्या एका पुंगळीत दारू दोनदा पडेल आणि मला पत्ता लागायचा नाय. मग पिस्तूल फुटेल ते हॅरिसच्या तोंडाशी. यात माझ्या पोटाचा सवाल कुठं आला?"

वारा वाढला होता. त्यांनी यंत्रावर कापड टाकलं, त्या महिन्यात भरलेली सगळी काडतुसं एका पेटीत घातली, पेटीवर खडूनं मोठी फुली मारली आणि हत्यारखान्याला कुलूप घातलं. कुलूप लावताना किल्ली भोकात जाईना. मी पुढे झालो नाही. त्यांनी वेळ घेऊन ते स्वतःच लावलं.

दुसऱ्या दिवशी ते खाकी शर्ट घालून, टॅक्सी करून शहरात आले आणि थेट हॅरिससाहेबांच्या ऑफिसात गेले. मी बाहेर होतो. साहेबांचं हसणं ऐकू येईल म्हणून वाट बघत राहिलो. आवाजच आला नाही. दार उघडलं तेव्हा साहेब त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आले, आणि त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी हवालदारांना गेटवर बसायची नोकरी देऊ केली होती. हवालदारांनी नको म्हटलं. "हत्यार गेल्यावर खुर्ची काय करायची," जिना उतरताना ते मला म्हणाले.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तपासलं. शिरांचा आजार, म्हणाले, हळूहळू वाढत जाणारा. इलाज थोडा, आराम बराच. हवालदारांनी एकच प्रश्न विचारला, "जीभ राहील ना?" डॉक्टरांनी त्याचं उत्तर सरळ दिलं नाही.

व्हिसा रद्द होऊन तिकीट हातात यायला काही आठवडे गेले. तेवढे दिवस ते माझ्या मनामातल्या खोलीवर राहिले. ते खिडकीशी बसून खालचा बाजार बघत. कधी म्हणत, "केवढी माणसं आहेत रे इथं!" इतकी वर्षं त्याच बेटावर काढलेला माणूस, पण हे नव्यानं बघत असल्यासारखा.

विमानतळावर मी त्यांची बॅग वजनावर ठेवली. शर्टाचं वरचं बटण उघडं राहिलं होतं. मी विचारलं नाही, सरळ लावून दिलं. ते मान वर करून लहान मुलासारखे उभे राहिले.

"भीती वाटते काय?" मी विचारलं.

"विमानाची? छे." मग थोडं थांबून म्हणाले, "घरी गेल्यावर उठून कुठं जायचं नसतं, त्याची वाटते."

आत जाताना त्यांनी वळून बघितलं नाही. फौजेतला माणूस.

दोन वर्षांनी मला लांब सुट्टी मिळाली. गावी आठवडा काढला आणि मी खेडला गेलो. तिथून एसटीनं त्यांच्या गावाच्या फाट्यावर उतरलो, पुढे पायी. उतरत्या छपराचं, शेणानं सारवलेल्या अंगणाचं घर होतं. दारात साठीकडे झुकलेली, बारीक अंगाची बाई तांदूळ निवडत बसली होती. मी नाव सांगितलं, बहरीनहून आलो म्हणालो. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पदर डोक्यावर घेतला.

"ते गेले," ती म्हणाली. "शिमग्याच्या आधी."

तिनं पाणी आणून दिलं. मुलगा कामाला चिपळूणला, सून शेतावर. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी ओटीवर बसलो, ती उंबऱ्याच्या आत.

"तुम्ही तिकडं त्यांच्याबरोबर होता?" तिनं विचारलं.

"होतो, काकी."

"बोलायचे ते तुमच्याशी?"

"बोलायचे की. पुष्कळ."

ती थोडी पुढे सरकली. "आमच्याशी नाय बोलले कधी. लग्न झालं नि पलटणीत गेले. सुट्टीत यायचे, मी वाढायची, ते जेवायचे, बस्स. मला वाटायचं, म्हातारपणी बोलतील. आले तेव्हा हात गेलेला. वर्षाच्या आत जीभ गेली. शेवटी मीच भरवायची. घास घेताना माझ्याकडं असे बघायचे, की काहीतरी सांगायचंय. पण यायचंच नाय तोंडातनं." ती थांबली. मग अगदी हळू, लाजत विचारलं, "हसायचे का हो ते?"

मी सांगायला लागलो. निशाण्यांच्या खाली, बांधाच्या बुडाशी घोरपडीसारखं एक वाळवंटी जनावर राहायचं. तिकडे त्याला धब म्हणतात. शुक्रवारी गोळीबार सुरू व्हायच्या आधी हवालदार टोपी काढून त्याच्या मागे धावायचे, त्याला लांब हाकलून यायचे, आणि हे मोठे साहेब लोक पिस्तुलं हातात घेऊन ताटकळत उभे. एकदा ते जनावर उलटून त्यांच्याच मागे लागलं आणि हवालदार शेडच्या टेबलावर चढून बसले. तिथे बसून इतके हसले, इतके हसले की हातातली टोपी खाली पडली आणि ती उचलायला पुढे व्हायची कुणाची छाती होईना.

"टेबलावर? ते?" तिनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. हसत होती की काय, मला आधी कळेना. मग तिनं डोळे पुसले आणि उंबरा ओलांडून बाहेर, ओटीवर माझ्यासमोर येऊन बसली.

"अजून सांगा," ती म्हणाली. "शेवटची गाडी दिवेलागणीला आहे."